शेण आमचं, गॅस अध्यक्षांचा

‘सर्वानुमते’ हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं डोकं फिरतं. गावात कुठल्याही संस्थेचं काही निघालं, कुणी हातात कागद धरून, घसा खाकरून ‘सर्वानुमते असे ठरले की’ म्हणालं, की मी मधेच विचारते, सगळे म्हणजे कोण कोण? लोक म्हणतात, म्हातारी तिरसट आहे. असेन. पण तिरसट व्हायला मला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या गावची गोबर गॅसची सहकारी सोसायटी.

मी माहेरची जळगाव जामोदची. वडिलांचं बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं. मी सातवी पास, त्यामुळे मुलगी शिकलेली आहे असं लग्नात सांगायची सोय होती. लग्न होऊन मोताळा तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. राजधानी म्हटलं की म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून नागपूरच यायचं, आणि मुंबईचं नवं सरकार काहीतरी देणार आहे यावर सगळ्यांचा अर्धा-अर्धा विश्वास होता.

घरात आम्ही तिघं. सासूबाई, आमचे हे आणि मी. हे लहान असतानाच सासरे गेले. तेव्हापासून ओढ्याकाठचा मळा सासूबाईंनीच सांभाळला. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, वालाच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या अंगाला भाजी मांडून बसायच्या आणि दुपार कलायच्या आत टोपलं रिकामं करून परत यायच्या. हे मोताळ्याला जिनिंगमध्ये कारकून. पांढरं धोतर, पांढरा सदरा, सायकल. गोठ्यात कधी पाय नाही. तो गोठा सासूबाईंचा आणि नंतर माझा.

आणि चूल दोघींची. पावसाळ्यात कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटत नसत, नुसता धूर. गोवऱ्या सर्दावलेल्या. सासूबाईंचे डोळे बारा महिने लाल. भाकरी थापताना त्या पदरानं डोळे पुसत आणि परत थापत. मला वाटायचं, या बाईनं जन्मभर रडल्याशिवाय एक भाकरी केली नाही, आणि तेही दुःख नसताना.

अशात ब्लॉकचे, म्हणजे सरकारच्या विकास कचेरीचे, एक साहेब गावात आले. मारुतीच्या सभामंडपात त्यांनी चित्र दाखवलं. जमिनीत विहिरीसारखी विटांची टाकी, तीत शेणाचा काला, वर लोखंडाचं पालथं पिंप. शेण कुजलं की गॅस होतो, पिंप वर उचलतं, आणि पाइपातून गॅस घराघरात शेगडीला. निळा जाळ, धूर नाही, काजळी नाही. शिवाय शेण वाया जात नाही. मागे जी पातळ मळी उरते ती शेणखतापेक्षा चांगली. एका घराचं काम नाही हे, साहेब म्हणाले, गावानं मिळून सोसायटी करा, प्रत्येकानं पैसे भरून भाग घ्या, रोजचं शेण द्या, सरकार मदत करील. बायका तेव्हा मंडपाबाहेर लिंबाखाली उभ्या होत्या. सासूबाईंनी तिथूनच विचारलं की बाईमाणसाले भाग भेटते काय? साहेब म्हणाले, का नाही, सोसायटीत माणूस आणि बाई असा फरक नसतो. एक सभासद, एक मत.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या त्या वेगळ्याच चालीनं. शेत सासऱ्यांच्या नावावरून थेट मुलाच्या नावावर लागलं होतं. घर त्याच्याच नावावर. सासूबाईंच्या नावावर या जगात काही नव्हतं. भाजीच्या पैशातून त्यांनी भाग घेतला, स्वतःच्या नावानं. अंगठा उठवायचा म्हणून हात तीनदा धुतला. पावती मला वाचायला लावली, स्वतःचं नाव आलं तिथं बोट ठेवायला लावलं. ‘आता माह्या चुलीवर निया जाळ पेटन,’ म्हणाल्या. पुढची दोन वर्षं त्या बाईला दुसरं काही नको होतं. तिच्या भागाचा जाळ, तिच्या चुलीवर. बस.

आता जागेची गोष्ट ऐका, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. साहेबांनी सांगितलं होतं की या गॅसला दम नसतो, फार लांब जात नाही, म्हणून टाकी सगळ्यांना जवळ पडेल अशी हवी. गावाच्या मधोमध जुना कोंडवाडा होता, मोकळी जागा, चारी गल्ल्या सारख्या अंतरावर. सासूबाईंनी आणि आणखी दोघा-तिघांनी कोंडवाड्याचं नाव काढलं. तेवढ्यात जे पुढे अध्यक्ष झाले ते उठले. गावातले मोठे शेतकरी, दावणीला डझनभर गुरं, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, कोंडवाड्यासाठी अर्ज करा, परवानगी आणा, कोण पळापळ करील? माझी जागा घ्या. दान देतो सोसायटीला, एक पैसा नको.

झालं! टाळ्या. नारळ फुटला, दात्याच्या अंगावर शेला आला. आमच्या भागात दान देणाऱ्याला प्रश्न विचारत नाहीत. ही आमची रीत आहे, आणि या रीतीनं आमचा जेवढा घात केला तेवढा दुष्काळानंही केला नसेल. दान म्हटलं की माणसाची मान आपोआप खाली जाते आणि तोंडाला कुलूप. ती जागा कुठं होती? अध्यक्षांच्या गोठ्यामागे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, गावाच्या वरच्या टोकाला. सासूबाई लिंबाखाली पुटपुटल्या, ‘फुकटची जागा कोन्या कोपऱ्यात हाये ते तं पाहा बाप्पा.’ शेजारच्या बाईनं त्यांना गप्प केलं. जागा देणारा माणूस अध्यक्ष होणार हे मग सांगायलाच नको. निवडणूक बिनविरोध. आमचं गाव नेहमीच बिनविरोध असतं आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

टाकी बांधली, खामगावहून पिंप आलं, ब्लॉकचे साहेब पेढा खाऊन गेले. रोज सकाळी सोसायटीचा गाडीवाला हातगाडी घेऊन दारोदार फिरू लागला. प्रत्येक घरच्या बाईनं घमेल्यानं शेण आणून गाडीत टाकायचं. आमच्या दोन म्हशी, एक गाय आणि बैलजोडी. गोवऱ्या थापणं आम्ही बंदच केलं, कारण थापायला शेण उरेना. मळ्याचं खतही त्यातच गेलं. पिंप फुगून वर आलं, गावभर बातमी, आणि जाळ पेटला. निळाच पेटला. अध्यक्षांच्या घरी, त्यांच्या भावाच्या घरी आणि देवळात भजनाच्या दिव्याला.

आमच्या गल्लीत पाइप आलाच नाही. आमची गल्ली ओढ्याच्या उताराला. कारणं किती, विचारू नका. पाइपात पाणी साचतं, पाइप यायचा आहे, आधी वरच्या गल्लीत नीट चालू द्या. गोवऱ्या नाहीत आणि गॅसही नाही, म्हणून आम्ही नुसत्या पऱ्हाट्यांवर आलो. पूर्वीपेक्षा जास्त धूर खाल्ला आम्ही. सहकारात पडून! तिकडे अध्यक्षांच्या विहिरीवरचं इंजिनही त्याच गॅसवर धडधडायला लागलं, आणि मळीचा पाट सरळ त्यांच्या शेतात उतरला. जागाच त्यांची, उतारही त्यांच्याच शेताकडे. मळी काही चढावर चढत नाही, असं ते हसून सांगायचे. त्यांच्या हसण्याचा मला जेवढा राग यायचा तेवढा शिव्यांचा आला नसता. शिवी देणाऱ्याशी भांडता तरी येतं.

पहिल्या वार्षिक सभेची नोटीस आली, वेळ संध्याकाळची, ऐन धारा काढायची. मी सोसायटीचं छापील नियमांचं पुस्तक वाचून ठेवलं होतं. सासूबाईंना सांगितलं, तुम्ही स्वतः जा, सभासदानं स्वतः हजर राहून मत द्यायचं असं लिहिलंय. त्या अर्ध्या धारा माझ्यावर टाकून गेल्या. लिंबाखाली थांबल्या नाहीत, मंडपाच्या पायरीवर जाऊन बसल्या. ज्या पायरीवर पुरुषांची सभा असताना कधी बाई बसली नव्हती त्या पायरीवर. आणि विचारलं, की आमच्या गल्लीत पाइप कधी येणार, आणि टाकी सगळ्यांची तर मळी एकाच्या वावरात काऊन?

अध्यक्ष रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. म्हणाले, ‘वहिनी, हे हिशेबाचं काम हाये, तुमाले समजणार नाही. पोराले पाठवत जा, त्याले सांगतो समजावून.’ मंडप हसला. हेही तिथंच होते, मागच्या रांगेत. घरी आल्यावर ते आईवर चिडले, हसणाऱ्यांवर नाही. लोक काय म्हणतील, हे एकच वाक्य त्यांनी चारदा म्हटलं. मला त्या दिवशी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

वर्षभर गाडी येत राहिली, शेण जात राहिलं. मी म्हणायचे, देऊ नका. सासूबाई म्हणायच्या, शेण बंद केलं तं म्हणतीन, नियम मोडला, अन् भाग जाईन. भागावर त्यांचा फार जीव. आपण आपल्याकडून चुकायचं नाही, मग समोरच्याला द्यावंच लागतं, असा त्यांचा हिशेब. सरळ माणसांचे हिशेब असेच असतात आणि म्हणूनच ती लुटली जातात.

दुसऱ्या वर्षी सभा जवळ आली तसं ह्यांनी आईची मनधरणी सुरू केली. तू येऊ नको. तू बोललीस की लोक हसतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. मी जातो तुझ्या जागी, मी नीट बोलतो. मी पुन्हा नियमाचं पुस्तक काढलं, दुसऱ्याच्या जागी कुणाला बसता येत नाही म्हणून. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आई-लेकाच्या मधे आले आहे. सासूबाईंनी बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणाल्या, माझा लेक लिहिणारा-वाचणारा आहे, जाऊ दे. एकच प्रश्न त्यांनी त्याच्याकडून घोकून घेतला. आमच्या गल्लीत पाइप कधी? त्याच्यापुढे एक शब्द नको.

सभेची तऱ्हा मला नंतर पाठ झाली, तेव्हा नवी होती. ठरल्या वेळी पुरेशी माणसं येत नाहीत, कारण वेळच तशी ठेवलेली असते. मग सभा तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं तीच सभा तिथंच परत भरवायची. त्या दुसऱ्या सभेला किती माणसं हवीत याचा नियमच नाही. असतील तेवढी पुरे. ज्यानं कुणी हा अर्धा तास शोधून काढला त्याला माझा साष्टांग नमस्कार. मग सगळे ठराव एका दमात वाचायचे, मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ यायचं, हात वर, चहा, चिवडा.

हे घरी आले ते चिवड्याची पुडी घेऊन, आणि खुशीत. मी चूल फुंकत होते. सासूबाईंनी विचारलं, पाइपाचं काय झालं? हे म्हणाले, तो विषय निघालाच नाही, पण ऐका तर, मला संचालक केलंय! अध्यक्षांनी स्वतः नाव सुचवलं, शिकलेला होतकरू तरुण म्हणून. आता कमिटीत बसून मी सगळ्या गोष्टी मार्गी लावतो. आणि मग, पुडीचा दोरा सोडता सोडता, आणखी एक सांगितलं. यापुढे घरटी एकच सभासद, आणि तो घरातला कर्ता पुरुष. जिथं बाईच्या नावावर भाग आहे तिथं तो कर्त्याच्या नावावर जाईल. म्हणजे आपला भाग माझ्या नावावर झाला. जाणार कुठं, घरातच तर राहिला.

मी फुंकणी खाली ठेवली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘हे ठरवलं कोनं?’

‘सर्वानुमते ठरलं.’

‘म्या तं नाई ठरवलं.’

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. हजेरीत आईचं नाव पुकारलं तेव्हा ह्यांनी ‘हाव’ म्हटलं होतं, कारण तेच तिच्या जागी बसले होते. मत मोजताना आईच्या नावाचा हातही ह्यांनीच वर केला. म्हणजे कागदोपत्री आमच्या सासूबाई सभेला हजर होत्या, आणि आपला भाग काढून घ्यायला त्यांनी स्वतः हात वर करून संमती दिली होती. ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या विधवा बाईचंही तेच, तिच्या पुतण्यानं तिचा हात वर केला. ज्यांना काढायचं त्यांच्याच मतांनी त्यांना काढलं. चोरानं घर फोडावं आणि साक्षीला घरमालकाचीच सही दाखवावी!

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहीत नाही. नवऱ्याला एकेरीत बोलायची मुभा नव्हती त्या काळी, मी ती घेतली. सासूबाईंनी मात्र चिवड्याला हात लावला नाही, भाकर खाल्ली आणि उठल्या.

सकाळी गाडीवाला नेहमीप्रमाणे दारात आला. सभासद बदलला होता, शेण तेच हवं होतं. मी घमेलं उचललं तर सासूबाईंनी माझा हात धरला. हे सायकल काढत होते, इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी. सासूबाईंनी घमेलं त्यांच्यासमोर ठेवलं आणि गाडीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘सभासद तू हायेस. शेनही तूच भर.’

हे हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग बघितलं की आई दारातून हलत नाही. गाडीवाला उभाच. समोरच्या घरची बाई आपलं घमेलं घेऊन बाहेर आली होती, तीही उभी. शेवटी संचालकसाहेबांनी धोतर खोचलं आणि गोठ्यात गेले. दोन खेपा केल्या आणि धोतर बदलून, उशिरा, कामावर गेले. समोरच्या बाईनं आपलं घमेलं भरलेलंच परत आत नेलं आणि आपल्या नवऱ्याला हाक मारली. मला तेव्हा जे समाधान वाटलं ते पुढे नातू झाल्यावरही वाटलं नाही.

हे लोण गल्लीगल्लीत गेलं. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात मी बघितलेली तीच एक सर्वानुमते झालेली गोष्ट. बायका नवऱ्यांना एवढंच म्हणत, कर्ते तुम्ही ना, मग करा. काही पुरुषांनी चार-दोन दिवस शेण वाहिलं. नंतर एकाची कंबर धरली, एकाला कीर्तनाला जायचं होतं, एकाला अचानक आठवलं की आपल्याकडे गुरं कमीच आहेत. शेण परत आमच्या मळ्यात आणि गोवऱ्यांत जायला लागलं. वरच्या टोकाचं ते पिंप दिवसागणिक खाली बसत गेलं. अध्यक्षांच्या डझनभर गुरांच्या शेणावर त्यांचं एकट्याचं इंजिनसुद्धा धड चालेना. दोन वर्षं आम्ही काय काय ओढत होतो ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मग एका सकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, गोड बोलले. वहिनी, गावाचं नाव जाईल, ब्लॉकचे साहेब येणार आहेत बघायला, तुम्ही बायांना सांगा, तुमचं ऐकतात त्या. सासूबाई वांगी निवडत होत्या. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. मान वर न करता म्हणाल्या, ‘माह्या पोराले इचारा. हे हिशेबाचं काम हाये, मले काय समजते?’

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा गेलेलं मी तेव्हा बघितलं. ते उठून गेले. पुढच्या पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं, पिंप गंजलं, आणि सोसायटीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. जागा दान दिलेली, पण दानाचा कागद झालाच नव्हता, म्हणून जागाही त्यांच्याकडेच राहिली. गावात अजून सांगतात की बायांनी सोसायटी बुडवली. ऐकून घेत नाही मी. सोसायटी बुडाली ती त्या अर्ध्या तासात, चहा-चिवड्याच्या आधी.

निळा जाळ आमच्या चुलीवर कधीच पेटला नाही. सासूबाई त्याच धुरात भाकरी थापत राहिल्या. अध्यक्ष येऊन गेले त्या दिवशी संध्याकाळी हे जेवायला बसले होते, मी वाढत होते, सासूबाई चुलीपाशी. कित्येक दिवस आई-लेकात कामापुरतंच बोलणं होतं. ह्यांनी घास हातात धरून ठेवला आणि खाली बघत विचारलं, ‘माय, सगळ्यायचे हात वर गेल्ते. म्या एकट्यानं काय कराले पाह्यजे होतं?’

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. धुरानंच असेल. म्हणाल्या, ‘माहा हात खाली घ्याचा होता, लेका.’